प्रबंधाची पाचवी प्रत

आमच्या धर्मग्रामातील एका मुलीने २०१३ साली आपला पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठास सादर केला. विषय आपल्याच भागातील ख्रिस्ती स्त्रियांच्या लग्नगीतांचा. सादर करण्याच्या आदल्या संध्याकाळी तिच्या वडिलांनी आम्हांस मुद्दाम घरी बोलावून घेतले. मेजावर काळ्या कापडी बांधणीच्या, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरे ठसविलेल्या चार जाडजूड प्रती मांडून ठेवल्या होत्या. परीक्षकांच्या दोन, मार्गदर्शकांची एक आणि ग्रंथालयाची एक. त्यांच्याशेजारी पातळ प्लास्टिकच्या डबीत एक चकचकीत तबकडी होती. "ही पाचवी प्रत," वडील म्हणाले. "बांधणीचे पैसे चार प्रतींना मोजले, आणि मुलगी म्हणते की खरी प्रत हीच!"

वडिलांच्या स्वरात थोडी चेष्टा होती, थोडी हळहळही होती. मुलीचे म्हणणे आम्हांस तेव्हा पटले नाही. पुढे या पाचव्या प्रतीचा इतिहास जसजसा वाचीत गेलो, तसतसे आमचे मत बदलत गेले.

प्रबंध ही वस्तू मुळात कागदाची नव्हेच. मध्ययुगात पॅरिस, बोलोन्या येथे विद्यापीठे उदयास आली तेव्हा पदवीच्या उमेदवाराला भर सभेत आपला सिद्धांत मांडून त्यावरील आक्षेपांचे तोंडी निरसन करावे लागे. आज जिला आपण 'मौखिक' म्हणतो, ती या वादसभेचीच पणती. छपाई आली तशी सिद्धांताची पत्रके छापली जाऊ लागली, पत्रकांची पुस्तिका झाली, आणि जर्मन विद्यापीठांनी प्रबंध छापून ग्रंथालयांना देण्याचा दंडकच घातला. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ साली पहिल्या तीन पीएच.डी. पदव्या दिल्या. तेथे आणि पुढे आपल्याकडेही छपाईचा आग्रह राहिला नाही. टंकलिखित प्रत चालू लागली. टंकलेखन यंत्रावर एका वेळी कार्बन घालून जेवढ्या प्रती निघतील तेवढ्याच प्रती जगात. शेवटच्या कार्बनची अक्षरे एवढी पुसट असत की ती प्रत कोणाच्या वाट्याला येते यावरून उमेदवाराला धास्ती वाटे.

मग त्या प्रतीचे व्हायचे काय? परीक्षकांची प्रत परीक्षकांच्या घरी, मार्गदर्शकांची त्यांच्या माळ्यावर, आणि ग्रंथालयाची कुलुपबंद कपाटात. आम्ही स्वतः एकदा आपल्या समाजाच्या बोलीवरील एक जुना प्रबंध पाहण्यासाठी एका मोठ्या ग्रंथालयात गेलो होतो. चिठ्ठी, ओळखपत्र, अधिकाऱ्यांची सही असे सोपस्कार दुपारपर्यंत चालले. सूचिपत्रात कार्ड होते. कपाटात प्रबंध नव्हता. शिपायाने तीन कपाटे उघडून दाखविली आणि शांतपणे सांगितले, "कार्ड आहे म्हणजे कधीतरी होता." दोष त्या ग्रंथालयाला देण्याचे कारण नाही. जेथे एकच प्रत असते तेथे ती कधी ना कधी हरवते.

आपल्या वाचकांना याचे आश्चर्य वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विटाचे 'ख्रिस्तपुराण' आपण सारे अभिमानाने मिरवतो. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली राचोल येथे छापला गेला. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या नकला करून जपल्या, आणि त्यांच्या आधारे जे. एल. सालदान्हा यांनी १९०७ साली मंगळूरला तो रोमन लिपीत पुन्हा छापला. देवनागरीतील एक हस्तलिखित तर विल्यम मार्सडन यांच्या संग्रहातून थेट लंडनला पोहोचले होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जस्टिन अॅबट यांनी ते अभ्यासकांच्या नजरेस आणून दिले. देवनागरीत संपूर्ण ग्रंथ मराठी वाचकाच्या हाती पडला तो शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या पुणे येथील आवृत्तीने. कारिदाद द्राग यांची आवृत्ती १९९६ साली मुंबईस निघाली.

या दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात, १९६१ साली, प्रा. स. गं. मालशे यांनी ख्रिस्तपुराणाच्या भाषेचा व वाङ्मयगुणांचा अभ्यास करून मुंबई विद्यापीठाला पीएच.डी.साठी प्रबंध सादर केला. ख्रिस्ती नसलेल्या एका मराठीच्या प्राध्यापकाने आपल्या पुराणावर घेतलेले हे परिश्रम. आपल्यापैकी किती घरांनी ते पाहिले असतील? नंतरच्या अभ्यासकांच्या तळटिपांतून या प्रबंधाचे नाव भेटते, एवढीच सर्वसामान्य वाचकाची आणि त्याची ओळख. ज्या ग्रंथाच्या छापील प्रती काळाने गिळल्या, त्याच्याविषयीचे संशोधन पुन्हा मोजक्या टंकलिखित प्रतींच्या भरवशावर ठेवले जावे, हा योग आम्हांस बोचतो.

हरवण्याच्या या भीतीवर पहिला मोठा तोडगा निघाला तो संगणकाच्या कितीतरी आधी. अमेरिकेत मिशिगन राज्यातील अॅन आर्बर येथे यूजीन पॉवर या गृहस्थाने १९३८ साली युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स ही संस्था काढली. प्रबंधाच्या पानांची अतिसूक्ष्म छायाचित्रे एका फीतीवर घ्यायची, सारांशांची सूची छापून ग्रंथालयांना पाठवायची, आणि कोणी मागेल त्याला फीतीची नक्कल काढून द्यायची, असा हा उद्योग होता. म्हणजे मूळ प्रत कपाटातच राहिली तरी तिची सावली हिंडू लागली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडवर बाँब पडत असताना तेथील जुन्या ग्रंथांच्या फिती याच पॉवरने काढविल्या. एकच प्रत असणे किती धोक्याचे, हे त्या दिवसांत कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

त्याच अॅन आर्बरला, याच संस्थेच्या पुढाकाराने, १९८७ साली एक बैठक भरली. तोवर विद्यार्थी प्रबंध संगणकावर लिहू लागले होते. संगणकावर लिहायचे, कागदावर छापायचे, बांधायचे, आणि मग त्या कागदाचे छायाचित्र काढायचे, ही द्राविडी प्राणायामाची तऱ्हा का, असा प्रश्न तेथे उभा राहिला. संगणकातील मजकूरच थेट ग्रंथालयाला का देऊ नये? प्रश्न सोपा होता, उत्तराला मात्र दहा वर्षे लागली. एका संगणकावरचे लिखाण दुसऱ्यावर उघडेना, उघडले तर आकृत्या हलत, पानांचे क्रमांक बदलत. १९९३ साली अडोबी कंपनीने पीडीएफ ही पद्धत आणली आणि पान जसे रचले तसेच कोणत्याही यंत्रावर दिसू लागले. अडचण पुष्कळशी निवारली गेली.

व्हर्जिनिया टेक या अमेरिकन विद्यापीठाने १ जानेवारी १९९७ पासून सर्व प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सादर करणे सक्तीचे केले. जगात असा नियम करणारे हे पहिले विद्यापीठ. संगणकशास्त्राचे एडवर्ड फॉक्स, ग्रंथालयाच्या गेल मॅकमिलन आणि पदव्युत्तर विभागाचे जॉन ईटन या तिघांनी ही मोहीम चालविली. १९९६ साली त्यांनी प्रबंधांचे एक सामाईक ग्रंथालयही आरंभिले. आरंभी ते राष्ट्रीय म्हणविले गेले, पुढे इतर देशांची विद्यापीठे त्यात आली.

सक्तीला विरोध झाला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. सारा प्रबंध जगाला फुकट वाचावयास मिळाला तर उद्या त्याचे पुस्तक कोण छापील? विद्वत्पत्रिका लेख स्वीकारतील का? शोधाचे पेटंट घ्यावयाचे असेल त्याने काय करावे? विद्यापीठाने यावर तीन वाटा ठेविल्या. प्रबंध सर्व जगाला खुला ठेवावा, केवळ विद्यापीठाच्या आवारापुरता खुला ठेवावा, किंवा काही काळ अजिबात उघडू नये. निवड विद्यार्थ्याने मार्गदर्शकांच्या सल्ल्याने करावयाची. आज जगभरच्या ग्रंथालयांत प्रबंध सादर करताना जो परवानगीचा कागद भरून घेतात, त्यात थोड्याफार फरकाने याच वाटा असतात. १९९९ पासून निरनिराळ्या ग्रंथालयांच्या नोंदी यंत्रानेच एकत्र गोळा करण्याची पद्धत आखली गेली, आणि २००२ साली एमआयटी व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी 'डीस्पेस' ही असे भांडार चालविण्याची संगणकप्रणाली सर्वांना मोफत दिली. गरीब विद्यापीठांनाही मग दार उघडले.

येथे रोमचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. आपले अनेक धर्मगुरू डॉक्टरेटसाठी तेथे जातात. चर्चच्या विद्यापीठांसाठी १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी काढलेल्या संविधानात प्रबंधाचा निदान मुख्य भाग तरी प्रसिद्ध झालाच पाहिजे, असा नियम आहे. परतलेल्या फादरांनी प्रेमाने भेट दिलेल्या, 'प्रबंधातील उतारे' अशा अर्थाचे लॅटिन शीर्षक मिरविणाऱ्या पुस्तिका कित्येक घरांत न वाचता जपून ठेवलेल्या आहेत, त्या या नियमापायी. पोप फ्रान्सिस यांच्या नव्या संविधानाने इलेक्ट्रॉनिक प्रसिद्धीलाही मुभा दिली, पण एका अटीवर: प्रबंध कायम उपलब्ध राहील याची हमी हवी. ही अट आम्हांस फार मोलाची वाटते. तबकडीवर ओरखडा पडतो, यंत्रे बदलतात, ठेवणारी संस्थाही बंद पडते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९९ च्या सुमारास एक योजना आखली. तिचे तत्त्व असे की, एकच मजकूर अनेक ग्रंथालयांच्या संगणकांवर ठेवावा आणि यंत्रांनी आपसांत ताडून पाहून ज्याची प्रत बिघडली असेल त्याची दुरुस्त करावी. मंगळूरच्या कुटुंबांनी हे तत्त्व बोरूने आणि शाईने आधीच सिद्ध केले होते.

भारतात या कामाचा आरंभ म्हैसूर विद्यापीठात झाला. डॉ. शालिनी अर्स यांच्या पुढाकाराने तेथे २००० साली 'विद्यानिधी' हा प्रकल्प उभा राहिला. देशव्यापी पाया घातला तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी. पदवी जाहीर झाल्यावर तीस दिवसांच्या आत प्रबंधाची संगणकीय प्रत आयोगाकडे पाठवावी आणि ती इन्फ्लिबनेट या संस्थेने सर्वांसाठी ठेवावी, असे त्यांत ठरले. या भांडाराला 'शोधगंगा' असे नाव मिळाले. २०१६ च्या विनियमांनी क्रम उलटा केला: आधी प्रत इन्फ्लिबनेटकडे, मग पदवीची घोषणा. आज शोधगंगेत पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, आणि ते वाचावयास ओळखपत्र लागत नाही की कोणाची सही लागत नाही. वसईच्या किंवा श्रीरामपूरच्या घरी बसून रात्री अकरा वाजता प्रबंध उघडता येतो. ज्यांनी चिठ्ठी धरून दुपार घालविली आहे त्यांनाच याचे खरे मोल कळेल.

सादर करण्याची रीत तशी साधी. मुखपृष्ठ, प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, एकेक प्रकरण आणि संदर्भसूची यांच्या स्वतंत्र फाइली करावयाच्या. शीर्षक, लेखक, मार्गदर्शक, विभाग, वर्ष व विषयशब्द यांची नोंद करावयाची. ही नोंद करताना आळस केला, तर प्रबंध भांडारात असूनही नसल्यासारखाच. एखाद्याने विषयशब्दांत केवळ 'मराठी' एवढेच लिहिले, तर ख्रिस्ती लग्नगीते शोधणाऱ्याला तो कसा सापडावा?

पण मराठी प्रबंधाची खरी अडचण नोंदीहून खोल आहे, आणि ती आमच्या मुलीच्या तबकडीतच दडलेली होती.

नव्वदीच्या दशकात संगणकावर मराठी आली ती एका युक्तीने. यंत्राला इंग्रजी अक्षरांचे क्रमांक ठाऊक होते. त्याच क्रमांकांवर देवनागरीची वळणे बसविली गेली. पडद्यावर 'क' दिसे, यंत्राच्या पोटी मात्र कोठले तरी रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. जगातील सर्व लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड पद्धत १९९१ साली आली आणि तिच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, तरी आपल्या टंकलेखकांच्या सवयी पुढे वीस वर्षे बदलल्या नाहीत. परिणाम असा की, शोधगंगेतील कित्येक मराठी प्रबंध डोळ्यांना सुंदर दिसतात, पण त्यांत एखादा शब्द शोधू गेल्यास यंत्र तो नाही म्हणते. उतारा नक्कल करून घेतला तर रोमन अक्षरांची खिचडी हाती येते. कागदावरून छायाचित्र काढून चढविलेले जुने प्रबंध तर यंत्राच्या लेखी नुसती चित्रे. अलीकडे चित्रातील देवनागरी वाचणाऱ्या प्रणाली पुष्कळ सुधारल्या आहेत, तरी पुसट कार्बनवरच्या जोडाक्षरांपुढे त्याही अडखळतात.

फादर स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला पत्र पाठवून देवनागरी खिळ्यांची मागणी केली होती. खिळे मिळाले नाहीत, आणि अस्सल मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. चारशे वर्षांनंतर आमची मराठी पुन्हा रोमन वेषात वावरत होती, आणि या वेळी ते वाचकाला दिसतही नव्हते!

याचा एक परिणाम चोरांच्या पथ्यावर पडला. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याला पायऱ्या लावल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्क्यांपर्यंत प्रबंध सुधारून पुन्हा द्यावयाचा, चाळीस ते साठपर्यंत वर्षभर थांबावयाचे, आणि साठाच्या वर नोंदणीच रद्द. साम्य शोधते यंत्र. जुन्या मांडणीतील मराठी मजकूर यंत्राला वाचताच येत नसेल, तर त्यातून उचललेले पान ते कसे ओळखणार?

आता त्या मुलीकडे वळतो. तिने सव्वाशेहून अधिक गीते वृद्ध स्त्रियांच्या तोंडून उतरून घेतली होती. लग्नगीतांत थट्टा असते, व्याह्यांची उणीदुणी असतात, कोणाच्या घराण्याचे नावही येते. कपाटातील प्रबंधात हे खपून गेले असते. जगाला खुल्या होणाऱ्या प्रबंधात कोणाचे मन दुखावले तर, या विचाराने मार्गदर्शकांनी गायिकांची नावे गाळून क्रमांक घालावयास सांगितले. परवानगीसाठी ती घरोघर फिरली. एका आजीने सही दिली आणि बजावले, "माझं नाव कुठं येता कामा नये हो, सुनेच्या माहेरचे वाचतील." दुसऱ्या एका मावशींनी कागद वाचवून घेतला आणि त्या चिडल्या. "गाणं माझ्या आईचं, गळा माझा, आणि पुस्तकात मी 'गायिका क्रमांक सात'? असं कसं, बाय?" मुलीपाशी उत्तर नव्हते. शेवटी मावशींचे नाव ऋणनिर्देशात, स्वतंत्र परिच्छेदात, आले.

पदवी मिळाली, प्रबंध भांडारात चढला. वर्षभराने वडिलांनी मोठ्या हौसेने पडद्यावर मावशींचे नाव शोधून पाहिले. सापडले नाही. प्रबंध होता, ऋणनिर्देश होता, नाव डोळ्यांना दिसतही होते, पण टंकलेखन जुन्या मांडणीतले. वडील निवृत्त शिक्षक. त्यांनी साठी उलटल्यावर युनिकोडचा कळफलक शिकून घेतला आणि एका उपवासकाळात परिशिष्टातील सारी गीते पुन्हा टंकित करावयास घेतली. एका गीतातील एक शब्द त्यांना लागेना, म्हणून ते कागद घेऊन मावशींकडे गेले. मावशींनी ओळ पुन्हा गाऊन दाखविली. प्रबंधात शब्द चुकीचा उतरला होता, आणि त्यामुळे ओळीचा अर्थच उलटा लागला होता. नवरीची थट्टा म्हणून जिचे विवेचन केले होते, ती ओळ तिच्या आईचे रडणे होती.

ती दुरुस्ती आता घरच्या प्रतीत आहे, समासात, वडिलांच्या हस्ताक्षरात. भांडारातील प्रतीत ती करता आली नाही. परीक्षकांनी जी प्रत तपासली तीच जतन व्हावी, या नियमामुळे पदवीनंतर प्रबंधाच्या मजकुराला हात लावता येत नाही. नव्याने टंकित केलेली गीते वडिलांनी धर्मग्रामाच्या वाचनालयाला दिली आहेत, एक प्रत मावशींच्या नातवाकडे आहे, आणि एक या त्रैमासिकाच्या कार्यालयात, वाचकांना केव्हाही पाहता येईल अशी, ठेवली आहे.